फोन लावायला उशीर का होतो? (१०८ च्या गाडीतली आठ वर्षं)

घाटवळण | सोमवार, रात्री ११:१०

गेल्या आठवड्यात एका धाग्यावर "अ‍ॅम्ब्युलन्स कधी वेळेवर येते का?" यावर मी दोन ओळी खरडल्या आणि व्यक्तिगत निरोपांचा पाऊस पडला. म्हणून हा वेगळा धागा.

मी बीएएमएस. २०१५ ते २०२३ या काळात १०८ च्या गाडीवर होतो. पहिली पाच वर्षं जव्हार-मोखाडा, नंतरची तीन कल्याण-डोंबिवली. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. त्यांतल्या २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. प्रत्येक गाडीत एक डॉक्टर, एक पायलट. ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. आमच्या गाडीचे पायलट भाऊ दर पगाराला विचारायचे, "साहेब, विमान कधी देणार?"

मी खिशात एक छोटी डायरी ठेवायचो. त्यात फोन आल्याची वेळ असायचीच, पण पेशंट सोपवून झाल्यावर मी घरच्यांना विचारायचो, "त्रास नक्की कधी सुरू झाला?" ती वेळही शेजारी लिहायचो. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे, माझा चाळा. पण त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघून मला बरंच काही कळलं. गाडी किती वेळात आली हे सगळे विचारतात. फोन किती वाजता केलात, हे कोणी कोणाला विचारत नाही.

जव्हार-मोखाड्याकडे आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. रस्त्यापासून आत असलेल्या पाड्यावरची बाई, दुसरं बाळंतपण. चौघांनी डोली करून ओढा ओलांडून तिला रस्त्यावर आणलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. पाऊस असा की वायपरचा उपयोग नव्हता. गाडीत घेतलं, पंधरा मिनिटं गेली असतील, ती एकदम गप्प झाली. कळांना ओरडणारी बाई अशी गप्प झाली की समजायचं, आता ढकलतेय. बघितलं तर डोकं दिसत होतं. मी ओरडलो, "भाऊ, गाडी बाजूला!" पायलटने इंडिकेटर लावून गाडी थांबवली आणि मागे येऊन टॉर्च धरला. तोंड फिरवून. पूर्ण वेळ तो खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत होता, पण टॉर्च हलला नाही.

बाळ रडलं. पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं, वर कोरडी चादर. नाळेतली धडधड थांबल्यावर चिमटे लावून कापली. ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत दिलं, वार पडली, आणि मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर रक्त सुरू झालं. पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय बेंबीखाली नारळासारखं टणक लागायला हवं. हाताला लागलं ते भिजवलेल्या कणकेसारखं. चोळत राहिलो, सलाईन सोडलं, भाऊंना म्हटलं, आता उडवाच तुमचं विमान. बाई वाचली, दोन पिशव्या रक्त लागलं. अशा रक्तस्रावात उपचार मिळाले नाहीत तर दोनेक तासांत खेळ संपू शकतो.

सकाळी सासूबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. डायरी काढून विचारलं. म्हणाल्या, पाणी दुपारीच गेलं होतं.

दुपारी! म्हणजे सात-आठ तास. मी चिडलोच. मग त्या माउलीने शांतपणे हिशेब सांगितला. फोन मुलाच्या खिशात, मुलगा खाचरात. रेंज टेकडीवर. आणि पहिल्या खेपेला सुनेला नेलं होतं तेव्हा परत यायला जीपवाल्याला आठशे रुपये दिले होते, ते उसने घेतलेले. "या वेळी वाटलं, घरीच सुटली तर बरं."

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणं हे सगळं फुकट, असा नियम २०११ पासून आहे (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम). आणायला-सोडायला १०२ ची गाडी असते. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं आणि गाडी मिळाली नाही. त्यांचा उशीर अडाणीपणाचा नव्हता, आठशे रुपयांचा होता.

आता डोंबिवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ, इंजिनीअर. सकाळी सहाला चहाचा कप डाव्या हातातून सुटला. बोलताना शब्द लोळत होते. बायको म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, आपले डॉक्टर दहाला येतात. मग थोडं झोपले. साडेनऊला मुलगी आली, तिने फोन केला. सीटी स्कॅनच्या टेबलावर ते पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. अशा लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. इथे रस्ता होता, फोन होता, पैसे होते, विमा होता.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी मातामृत्यूंबद्दल लिहिताना उशिराचे तीन टप्पे मांडले होते: घरात निर्णय घ्यायला लागणारा, वाटेतला, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा. आपण भांडतो ते दुसऱ्या आणि तिसऱ्यावर, आणि भांडायलाच हवं. पहिल्यावर मात्र कोणाशी भांडणार? तो आपल्याच घरात असतो.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो. १०८ लावला की फोन पुण्याच्या केंद्रात लागतो. तिथून जवळची गाडी ठरते आणि मग गाडीतला डॉक्टर तुम्हाला फोन करतो. नेमका तेव्हा तुमचा फोन व्यस्त! कारण तुम्ही मेव्हण्याला, काकांना, नाशिकच्या आत्याला कळवत असता. ज्या फोनवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा. आणि एकाला कोपऱ्यावर उभं करा. "साईकृपा बिल्डिंग" सांगू नका, डोंबिवलीत साईकृपा किती आहेत मोजून दमलो. शाळा, देऊळ, रेशन दुकान सांगा.

---

निळाई | सोमवार, रात्री ११:४८

टॉर्च धरणारे भाऊ डोळ्यांसमोर आले. वाचनखूण साठवली.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ७:०५

लेख भावनिक आहे, छान. पण शहरात राहणाऱ्या माणसाने १०८ ची वाट बघत बसावं हे पटत नाही. खाली गाडी उभी आहे, दहा मिनिटांवर रुग्णालय आहे. माझ्या वडिलांना मी स्वतः घेऊन गेलो. वाट बघितली असती तर आज ते नसते.

---

घाटवळण | मंगळवार, सकाळी ८:२०

@तिरकस, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. माणूस शुद्धीत आहे, श्वास चालू आहे, दारात गाडी आहे आणि ती चालवायला दुसरा कोणी आहे, तर जा. फक्त पेशंटने स्वतः स्टिअरिंगवर बसायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण छातीत दुखत असताना स्वतः स्कूटर मारत आलेला माणूस मी पाहिलाय.

गाडीची वाट बघायची ती कोणासाठी? पडून खुब्यात दुखतंय आणि एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलाय. उंचावरून पडलंय, मानेला मार आहे. बाळंतिणीला रक्त जातंय किंवा गरोदर बाईला आकडी आलीये. श्वास नीट नाही. यांना रिक्षात कोंबून नेताना जे नुकसान होतं ते नंतर भरून येत नाही.

आणि स्वतः न्या किंवा गाडीने न्या, निघताना रुग्णालयात फोन करून विचारा, "सीटी आत्ता चालू आहे का? अँजिओ करणारे डॉक्टर आहेत का?" जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय कधीकधी वेगळी असतात. पहिल्या दारावरून दुसऱ्या दारावर जाण्यात तास जातो.

---

मावळतीची उन्हं | मंगळवार, सकाळी ९:१५

मी शहात्तर वर्षांची. तुमच्या डोंबिवलीच्या गृहस्थांचं मला अगदी पटलं, म्हणजे ते चुकले हे पटलं, पण का चुकले तेही पटलं.

दोन वर्षांपूर्वी रात्री दोनला न्हाणीघरात पाय घसरला. उठता येईना. मुलगा-सून शेजारच्या खोलीत. हाक मारली असती तर आले असते. पण त्याची दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट होती, सुनेचं ऑफिस. म्हटलं, उजाडेपर्यंत पडून राहू, कदाचित मुरगळलं असेल. पहाटे चारच्या सुमारास थंडी इतकी भरली की मग मगाने बादली वाजवायला सुरुवात केली. दार आतून लावलेलं. मुलाला ते फोडावं लागलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते. मुलगा अजून विचारतो, "आई, हाक का नाही मारलीस?" काय सांगणार त्याला. आयुष्यभर घरात सगळ्यात शेवटी जेवलेल्या बाईला आपलं दुखणं मध्यरात्रीच्या झोपेपेक्षा मोठं आहे असं पटकन वाटत नाही हो.

---

ओहायोकर | मंगळवार, सकाळी १०:०२

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं. माझे आईबाबा डोंबिवलीलाच, चौथा मजला, लिफ्ट नाही. बाबा ब्याऐंशी. मी इथे कोलंबसला. इथे ९११ ची सवय, पण इथून १०८ लावता येत नाही हे मला बाबांना चक्कर आली त्या रात्री कळलं! आईला फोनवर सांगत होतो काय करायचं ते, तिला ऐकू कमी येतं. शेवटी शेजारच्या काकांचा नंबर शोधला, तर दोन वर्षांपूर्वीचा, बंद.

घाटवळण, लांब असलेल्या मुलांनी काय करून ठेवावं? आणि बाबा न्हाणीघराची कडी लावतात. सांगून थकलो.

---

घाटवळण | मंगळवार, दुपारी १:३०

@ओहायोकर, तुमच्यासारख्या घरांत मी बरेचदा गेलोय. दार उघडायला कोणी नाही, आतून म्हातारा आवाज, "उघडता येत नाही हो." कुलूपवाला शोधण्यात अर्धा तास.

जास्तीची किल्ली शेजारी, आणि शेजाऱ्यांचे दोन नंबर तुमच्याकडे. दर दिवाळीला फराळाबरोबर ते नंबर चालू आहेत का बघा. फ्रीजवर एक कागद: चालू गोळ्या डोसासकट, कशाची अ‍ॅलर्जी, जुनी ऑपरेशनं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लाल शाईने. अशी गोळी घेणारा म्हातारा माणूस डोक्यावर पडला तर वरून टेंगूळसुद्धा नसलं तरी सीटी लागतो.

चौथा मजला, लिफ्ट नाही: आमचं स्ट्रेचर त्या जिन्याच्या वळणावर वळत नाही. हात असलेली मजबूत खुर्ची घरात ठेवा. पाठीचा किंवा खुब्याचा मार नसेल तर खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, चौघं धरून उतरवतात. मोडकळीची प्लास्टिकची खुर्ची नको, एकदा तिसऱ्या मजल्यावर पाय तुटला तिचा. माणूस वाचला, मी घामाने निथळलो.

बाबांना मधुमेह आहे का? असेल तर चक्कर, घाम, असंबद्ध बोलणं, अगदी एक बाजू लुळी पडल्यासारखं होणं, हे सगळं साखर उतरल्यामुळेही होतं. आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. आणि शुद्धीवर आले की "झालं बरं" म्हणून सोडू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर पुन्हा पुन्हा उतरते, दिवसभर लक्ष ठेवावं लागतं.

लकव्याची शंका असताना शेजारी हमखास बीपीची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन देतात. सीटी होईपर्यंत देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, बाहेरून कळत नाही. छातीत दुखत असताना अ‍ॅस्पिरिन चावायला देतात ते वेगळं, तेही फोनवरच्या डॉक्टरला विचारून.

---

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:४०

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात गटप्रवर्तक आहे. म्हणजे माझ्याखाली वीसेक आशाताई. धागा मोबाइलवर वाचतेय, चुका पोटात घाला.

"उशीर अडाणीपणाचा नव्हता" हे वाक्य वाचून बरं वाटलं. बाहेरचे पत्रकार येतात, आमच्याकडचा डंबा बघतात. बाळाचं पोट फुगलं, श्वास वाढला की विळा तापवून पोटावर चटके देतात, तो डंबा. फोटो काढतात, लिहितात, जातात. चटके वाईटच, त्यात शंका नाही. पण आईला बाळाचा आजार दिसलेला असतो हे कोणी लिहीत नाही. तिने ओळखलेलं असतं की पोट उडतंय. ती मदत मागते, पण जो हाकेवर आहे त्याच्याकडे. भूमका, म्हणजे गावचा वैदू, दोन घरं पलीकडे आणि आरोग्य केंद्र डोंगरापलीकडे.

आशा काय करते ते सांगते. बाळ शांत असताना, झोपलेलं असताना, पोटावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, की धोका. श्वासाबरोबर बरगडीखालचा भाग आत खेचला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, हातपाय गार पडले असतील तर मोजत बसायचं नाही, निघायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं होतं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी आला तर न्यूमोनिया. १९९९ साली त्यांचा घरी जाऊन नवजात बाळं सांभाळायचा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ तिथे आहे.

दुसरी गोष्ट माहेरघर. आरोग्य केंद्राच्या आवारात खोली, तारखेच्या आधी काही दिवस गरोदर बाई तिथे येऊन राहते. कल्पना उत्तम. पण मोठं लेकरू घरी असलं, शेळ्या असल्या की बाई येत नाही. एकीला मी फार आग्रह केला. म्हणाली, "ताई, माझ्या कोंबड्या तू बघशील?" मी म्हटलं बघते. आठ दिवस जाता-येता बघितल्या. एक मुंगसाने नेली, तिचे पैसे मी दिले. बाळंतपण सुखरूप झालं.

---

तिरकस | मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, कोंबडीसाठी सलाम. _/\_

---

निळाई | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना तापात त्याला आकडी आली. डोळे वर गेले, ओठ निळसर. सासऱ्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, नवऱ्याने दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला आणि मी नुसती किंचाळत होते. आजही ते आठवलं की घशाला कोरड पडते. नक्की काय करायचं असतं?

---

बाळगुटी | मंगळवार, रात्री ९:००

मी सोलापुरात बालरोगतज्ज्ञ. निळाईताई, तुम्ही किंचाळत होतात, बाकीच्यांपेक्षा तेच कमी धोक्याचं होतं.

मूल कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही नाही. दात पडून श्वासनलिकेत गेलेले मी काढायला पाठवलेत. हातपाय दाबून धरू नका. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. म्हणूनच कांद्याला यश येतं! पाच मिनिटांच्या वर गेली, लगेच दुसरी आली, किंवा थांबल्यावर मूल जागं होईना, तर तातडीने न्या. आणि पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवा. एकदा येऊन गेलेल्या मुलांसाठी नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे मिळतो, तो तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणि वापरायला शिकून घ्या.

आता माझा जिव्हाळ्याचा शत्रू: शेंगदाणा. सोलापुरात हे बोलणं म्हणजे देशद्रोह, पण चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नका. कूट करून द्या. घशात अडकलं आणि मूल खोकतंय तर खोकू द्या. आवाज बंद झाला, रडू फुटेना, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब. पुन्हा तेच. वर्षाच्या वरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके. दिसत नसताना तोंडात बोट फिरवायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, ते फुप्फुसात जातं. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला असेल तर "सकाळी शीतून पडेल" म्हणू नका. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही जाळायला लागतो. त्याच रात्री एक्स-रे.

---

वरंधा | मंगळवार, रात्री ९:५०

कोकणातून एक भर. लहान मुलाला तांबडा विंचू चावला आणि नुसतं दुखतंय तर वेगळं. पण घामाने निथळतंय, हातपाय गार, उलट्या, तर हृदयावर आलंय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी वापरायला सुरुवात केली त्याआधी आमच्याकडे अशी मुलं जायची. आमच्या आजीच्या पिढीत प्रत्येक वाडीत एक तरी नाव असायचं. आता गोळी आरोग्य केंद्रात असते, तरी लोक आधी मंत्र घालायला जातात आणि मग येतात. पुन्हा तोच पहिला उशीर.

---

काळा कोट | बुधवार, सकाळी ८:४५

वकील आहे. सगळे घरातल्या उशिराबद्दल बोलतायत, मी दारातल्या उशिराबद्दल बोलतो, कारण लोक घरी थांबतात त्याचं एक कारण "डिपॉझिट मागतील" हे असतं.

परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला.

आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता लगेच दाखल करून, जीव वाचवण्यासाठी आवश्यक ते उपचार प्रकृती स्थिर होईपर्यंत द्यायचे. पाटीवर कितीही चकचकीत नाव असलं तरी संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर बहुधा ती यात येते.

काउंटरवर कलमं म्हणून दाखवू नका, त्याने चेहरे कठोर होतात. "तुम्ही नकार देताय ना, मग कारण लिहून सही करून द्या" एवढं शांतपणे म्हणा. माझ्या अशिलाच्या बहिणीच्या बाबतीत त्या एका वाक्यावर स्ट्रेचर आलं होतं.

---

घाटवळण | बुधवार, सकाळी ९:३०

@काळा कोट, हे छापून गाडीत लावायला हवं होतं. मी स्वतः एका रुग्णालयाच्या दारात मागे पेशंट ठेवून पंचवीस मिनिटं कागद भरलेत.

---

सुईदोरा | बुधवार, दुपारी २:१५

स्त्रीरोगतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालय. घाटवळण यांनी लिहिलेल्या रक्तस्रावाबद्दल एक मुद्दा. किती रक्त गेलं हा अंदाज डोळ्याने हमखास कमी होतो, अगदी आमचाही. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. पिशवी! यंत्र नाही, काही नाही.

घरच्यांनी कसं ओळखावं? घडी भिजून पाच-दहा मिनिटांत दुसरी भिजली, गाठी पडतायत, बाई घाबरी होऊन "मला कसंतरी होतंय" म्हणतेय. या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका, बीपी पडायच्या आधी ती हे म्हणते.

आणि गरोदरपणातली डोकेदुखी. पाचव्या महिन्यानंतर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर सूज, बेंबीच्या वर दुखतंय. हे ऐकलं की त्याच दिवशी बीपी. पुढची पायरी आकडी असते. तिच्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त, उत्तम औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे. आकडी आल्यावर बाधा समजून अंगारा लावण्यात गेलेली रात्र मी तीन वेळा पाहिलीये. त्यातलं एक घर शिक्षकाचं होतं.

---

तिरकस | बुधवार, रात्री ८:००

कालचं माझं वाक्य मागे घेतो, निदान अर्धं. बाबांना मी गाडीने नेलं हे खरं. पण त्यांना त्रास रात्री जेवल्यावर सुरू झाला होता आणि मी नेलं पहाटे पाचला. मधल्या वेळात इनो, ओवा आणि हिंगाचं पाणी झालं. डायरीतल्या दोन आकड्यांबद्दल वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

---

मावळतीची उन्हं | बुधवार, रात्री ८:४०

@तिरकस, वडिलांनीच "गॅस आहे" म्हणून सांगितलं असणार. आम्ही तसंच सांगतो. पुढच्या वेळी विश्वास ठेवू नका.

---

ओहायोकर | शनिवार, सकाळी ७:३०

अपडेट. चुलतभावाला पाठवून न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली, बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवलं. किल्ली शेजारच्या जोशीकाकूंकडे. फ्रीजवर कागद लागला, त्यात बाबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात "साखर: नाही. खोड्या: भरपूर" असं लिहिलंय.

कडीवरून मात्र भयंकर चिडलेत. आता आत गेले की मोठ्याने रामरक्षा म्हणतात, कोणी येऊ नये म्हणून. आई म्हणते बरंच झालं, आवाज थांबला की मी जाऊन बघते.